काचेच्या पेटीत खोल समुद्र

यवतमाळ जिल्ह्यातील मुकुटबनच्या परिसरात चुनखडकाचे थर आहेत. आज तो खडक सिमेंटच्या कामी येतो. परंतु पृथ्वीवर पहिला मासा अवतरण्याच्या कित्येक कोटी वर्षे आधी तो समुद्राच्या तळाशी साचला. समुद्र तेथून केव्हाच हटला. मुकुटबनच्या रहिवाशाने जिवंत सागरी मासे पाहावयाचे ते मत्स्यालयातच. मुंबईस मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले, ते अशाच कुतूहलासाठी. तथापि काचेआड सहज नांदतात ते बहुधा उथळ पाण्यातील मासे. अथांग खोलीतील दुर्मिळ मासे तेथे ठेवता येतील काय?

पहिली अडचण दाबाची. दर दहा मीटर खोलीस दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो भार वाढतो. हजार मीटरवरील दाब टाकीत राखावयाचा, तर एक चौरस मीटर काचेवर हजार टनांचा भार पडेल! असल्या टाकीस खिडकी चिमुकलीच असणार, आणि प्रेक्षकाला दिसणार ते जवळजवळ काहीच नाही.

सुदैवाने प्रत्येक माशास हा दाब लागतोच असे नाही. वायूने भरलेला पोहण्याचा फुगा असलेला मासा शंभर मीटरवरून एकदम वर आणला, तर तो वायू अकरापट फुगू पाहतो आणि आतील अवयव चेपतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या पाणबुड्यांनी असे मासे दाबबंद पात्रात घेतले, दाब हळूहळू उतरविला, आणि ते मासे २०१६ साली लोकांनी साध्या टाकीत पाहिले.

सीलाकँथची गोष्ट निराळी. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी नष्ट झाला असे समजला गेलेला हा मासा १९३८ साली दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यानजीक जाळ्यात सापडला. त्याच्या फुग्यात वायू नव्हे, चरबी असते. तरीही वर आणलेले सीलाकँथ काही तासांतच मरतात. पृष्ठभागाचे ऊन पाणी आणि जाळ्यातील दमछाक त्यांस सोसत नाही. केवळ प्रदर्शनासाठी असा जीव धरणे, हे कुतूहल नव्हे, क्रौर्य होय.

पाण्याचा गुणही पाहावा लागतो. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे मत्स्यालयाने २०२२ साली खोल समुद्राचे दालन उघडले, तेव्हा टाक्यांतील पाणी गार व काळोखे ठेवावे लागले. इतकेच नव्हे, तर त्यातला प्राणवायूही मुद्दाम कमी करावा लागला. अरबी समुद्रातही सुमारे दीडशे ते हजार मीटरांच्या दरम्यान प्राणवायू अत्यल्प आहे. तेथील मासा मुंबईत जगवावयाचा, तर घरच्या टाकीत हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या हौशी मनुष्याने नेमके उलट करावयास शिकले पाहिजे.