मुठीत मावणारी रियाजाची खोली

रियाजाला काय लागतं? आपण गुरू म्हणतो, वाद्य म्हणतो, चिकाटी म्हणतो. जागा लागते, हे सांगायचं राहून जातं.

दौंडला माझ्या बहिणीचं घर दोन खोल्यांचं. मेहुणे रेल्वेत, रात्रपाळी करून दिवसा झोपणारे. भाच्याला इलेक्ट्रिक गिटारचा नाद. वाजवली की घरात भांडण. "विकून टाक ती," हे मेहुण्यांचं नेहमीचं वाक्य. जत्रांच्या दिवसांत भाचा ऑर्केस्ट्राबरोबर शिरूरपासून गावोगाव फिरतो. गिटार खांद्यावर जाते, अँप्लिफायर काही रोज एसटीत चढवता येत नाही. आणि त्याच्याशिवाय या गिटारचा आवाज म्हणजे तारांची नुसती कुजबुज.

शेवटी त्यानं पेन्सिल सेलवर चालणारी इफेक्ट्सची डबी घेतली. गिटारची वायर तिच्यात लावायची, हेडफोन कानाला. तारेच्या कंपनातून निघणारा क्षीण विद्युतसंकेत ती मोठा करते, हवा तर त्याला खरखर देते, घुमारा देते. अमेरिकेतले गिटारवादक आणि इंजिनिअर टॉम शोल्झ यांनी १९८२ मध्ये वॉकमनएवढा 'रॉकमन' काढला, तोही याच गरजेतून. आपल्याकडे तंबोऱ्याचा भोपळा प्रवासात जपणं जिकिरीचं. बंगळुरूच्या राज नारायण यांच्या इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यानं गवयांची ती अडचण सोडवली.

शिरूरच्या एसटी स्थानकावर भाच्यानं माझ्या कानाला हेडफोन लावले. "मामू, ऐका." वाटलं, मोठ्या सभागृहातच बसलोय! पण कविसंमेलनात माईकचा घुमारा चांगला असला की कच्ची ओळही टाळी घेऊन जाते, हे मी पुष्कळदा पाहिलंय. म्हटलं, "बेटा, घुमारा बंद करून वाजव." त्यानं बटण फिरवलं. दोन सूर एकमेकांत अडकत होते; मघाशी ते कळलेच नव्हते. तो हसला, म्हणाला, "मामू, हे तर लपूनच बसले होते."

आता आधी अर्धा तास साधा आवाज, डबीतल्या ठेक्यावर संथ लयीत. सूर सुटे झाले की मग इफेक्ट. आवाज बेताचाच, कारण कानही जपायचे आहेत.

घरी मेहुण्यांची झोप मोडत नाही. गिटार विकायचा विषय गेल्या ईदपासून निघालेला नाही. घर लहान आणि मुलाला वाद्याची ओढ असेल, तर अशी डबी जरूर पाहा.