आयकर जावो, पण त्याचा खड्डा कोणाच्या रानातून भरणार?

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आज आपण आयकरावर बोलणार आहोत. हे ऐकून मागच्या रांगेतले कोणी म्हणेल, 'त्याचे आपल्याला काय? आपल्याला तर आयकर नाही.' शहरातला माणूसही हेच म्हणतो, फक्त सूर वेगळा असतो : 'शेतकरी कर भरत नाही, आमच्या करावर जगतो.' हे आपण इतक्या वेळा ऐकले आहे की आपल्यातल्याच काहींना ते खरे वाटू लागले आहे. म्हणून आयकर ठेवावा की काढावा हे ठरवण्याआधी आपण कर भरतो की नाही, याचा हिशेब मांडू.

समजा, पाच एकर कोरडवाहू कापूस आहे. हंगामात १२ हजार रुपयांची फवारणीची औषधे घेतली. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले, ट्रॅक्टरवरचा आणि ठिबकवरचा कर ५ टक्क्यांवर आला. पण रासायनिक औषधांवरचा १८ टक्के तसाच राहिला. म्हणजे औषधावर कर झाला २,१६० रुपये. खत घेतले १५ हजारांचे, त्यावर ५ टक्के म्हणजे ७५० रुपये. दोन्ही मिळून २,९१० रुपये. पाच एकरांत वीस क्विंटल कापूस निघाला तर क्विंटलमागे १४५ रुपये सरकारजमा झाले. यात डिझेल धरलेले नाही. डिझेल जीएसटीच्या बाहेर आहे. त्यावर केंद्राचा अबकारी कर वेगळा आणि राज्याचा व्हॅट वेगळा.

आता यातली मेख बघा. औषध विकणारा दुकानदार त्याने आधी भरलेला कर पुढच्या करातून वजा करून घेतो. कारखानदार घेतो. जिनिंगवालाही घेतो. आपला कापूस विकत घेताना नोंदणीकृत व्यापारी ५ टक्के कर भरतो आणि पुढे तोही वजा करतो. साखळीतल्या प्रत्येकाला ही वजावट आहे, शेतकऱ्याला नाही. का? तर शेतकऱ्याला नोंदणीतून सूट आहे! कागदावर सूट, हिशेबात भुर्दंड. कराची ही साखळी आपल्या बांधावर येऊन थांबते आणि तिचे सगळे ओझे तिथेच पडते.

हा झाला बिलावर दिसणारा कर. न दिसणारा कर त्याहून मोठा आहे. ५ मार्च २०१२ रोजी केंद्र सरकारने कापसाची निर्यात बंद केली. बंदी पुढे मागे घेतली, पण बाजार पडायचा तो पडला. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले, आणि वेचणीचा हंगाम तोंडावर असताना ही सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. अशा एका हुकुमाने भावातून जे जाते त्याची पावती कोणी देत नाही, म्हणून त्याला कर म्हणत नाहीत. ओईसीडी आणि इक्रिअर या संस्थांचा २०१८ चा अभ्यास सांगतो की २०००-०१ ते २०१६-१७ या काळात अशा धोरणांनी भारतातल्या शेतकऱ्याकडून शेतीच्या एकूण उत्पन्नाच्या सरासरी १४ टक्क्यांच्या आसपास काढून घेतले. सतरा वर्षे! तेव्हा 'शेतकरी कर भरत नाही' हे वाक्य यापुढे खाली मान घालून ऐकायचे कारण नाही.

आता आयकराकडे येऊ.

हा कर आपल्या देशात आला १८६० साली. १८५७ च्या उठावात इंग्रज सरकारची तिजोरी रिकामी झाली. ती भरायला जेम्स विल्सन नावाच्या वित्त सदस्याने हा कर आणला. त्या पहिल्या कायद्यात शेतीचे उत्पन्नही धरले होते. १८८६ च्या कायद्याने शेतीला वगळले. कारण सरळ होते : शेतकरी आधीच जमीन महसूल भरत होता, एकाच रानावर दोनदा कर कसा लावणार? म्हणजे शेतीला मिळालेली सूट ही कोणाची मेहेरबानी नव्हती. पुढे राज्यघटनेत शेतीच्या उत्पन्नावर कर लावायचा अधिकार राज्यांकडे गेला आणि बाकीच्या उत्पन्नावरचा केंद्राकडे.

या कराचे पुढे काय झाले? १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा वरचा दर अधिभार धरून ९७.७५ टक्क्यांवर गेला होता. शंभर रुपये मिळवले तर सव्वादोन रुपये हातात! असा कर कोण भरणार? काळा पैसा रानातल्या गवतासारखा वाढला. मग दर उतरवले, सवलती दिल्या, सवलतींना अटी घातल्या, अटींना अपवाद केले. १९६१ चा कायदा आठशेवर कलमांचा झाला. २०२५ साली संसदेने नवा कायदा केला तो ५३६ कलमांचा. त्याला सोपा म्हणायचे! फेब्रुवारी २०२५ च्या अंदाजपत्रकाने नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागणार नाही अशी सोय केली. एकशे चाळीस कोटींच्या देशात आयकराचे विवरणपत्र भरणारे दहा कोटींच्या आत आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांना प्रत्यक्ष कर काहीच लागत नाही.

आणि आपल्या घरातलीही एक गोष्ट झाकून ठेवायला नको. शेतीच्या सुटीचा आडोसा घेणारे आपल्यात नसतात, पण आपल्या नावावर असतात. शहरात पैसा मिळवायचा, कुठे तरी बाग घ्यायची आणि लाखोंचे उत्पन्न आंब्याचे म्हणून दाखवायचे. महालेखापरीक्षकांनी २०१९ च्या अहवालात तपासलेल्या प्रकरणांपैकी २२ टक्क्यांहून अधिक ठिकाणी पुरेशी कागदपत्रे न बघताच शेतीची सूट दिल्याचे आढळले. हे शेतकरी नव्हेत, सातबाऱ्यावरचे पाहुणे आहेत. यांच्यामुळे दर दोन-चार वर्षांनी मागणी उठते की शेतीवर आयकर लावा. एप्रिल २०१७ मध्ये नीती आयोगाचे सदस्य बिबेक देबरॉय यांनी तसे सुचवले होते. अर्थमंत्र्यांना दुसऱ्याच दिवशी खुलासा करावा लागला. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, असा हा प्रकार.

कोरडवाहू शेतकऱ्याला आयकर नको, याचे खरे कारण वेगळे आहे. आयकर दर वर्षाचे उत्पन्न वेगळे मोजतो. आपले पीक वर्षाच्या मापाने चालत नाही. एक वर्ष बोंडअळी, एक वर्ष पावसाची दडी, एक वर्ष ज्वारी काळी पडते, आणि चौथ्या वर्षी दोन पैसे दिसतात. ते दोन पैसे मागच्या तीन वर्षांचे देणे फेडायला आणि विहिरीचे काम पुरे करायला असतात. त्याच वर्षी दारात कर मागायला यावे, हा न्याय नव्हे.

तेव्हा आयकर जावा असे कोणी म्हटले तर आपल्याला वाईट वाटायचे कारण नाही. पण प्रश्न पुढचा आहे. २०२३-२४ साली व्यक्तींच्या आयकरातून सरकारला दहा लाख कोटी रुपयांहून अधिक मिळाले. हा खड्डा कोणाच्या रानातून भरणार? आजवर तीन वाटा सुचवल्या गेल्या आहेत. तिन्ही आपल्या मापाने मोजू.

पहिली वाट आपल्याच महाराष्ट्रातून निघालेली. अर्थक्रांती या नावाने अनिल बोकील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मांडली. आयात शुल्क सोडून बाकीचे सगळे कर काढा, बँक खात्यात रक्कम जमा होताना २ टक्क्यांच्या आसपास कापून घ्या, मोठ्या नोटा बंद करा. ऐकायला इतके सोपे की पोरालाही समजावे. विवरणपत्र नाही, इन्स्पेक्टर नाही. पण कापसाचा प्रवास आठवा. शेतकरी, व्यापारी, जिनिंग, सूतगिरणी, माग, प्रोसेस, शिलाई. पाच-सहा हात बदलतात. प्रत्येक हाताला २ टक्के धरले तर आपल्या कापसाच्या मूळ किमतीवरच दहा-बारा टक्के चढतात. ज्या कंपनीची जिनिंगपासून शिलाईपर्यंत सगळी कामे एका छपराखाली चालतात तिला यातला थोडाच भाग लागेल. जो लहान, जो साखळीच्या पहिल्या टोकाला, त्याच्या भावातून बाकीचा वसूल होईल. पीककर्ज खात्यात जमा झाले तर त्यातूनही कापणार का, हेही आधी विचारून घ्यावे लागेल. ब्राझीलने असा कर १९९७ ते २००७ चालवला. दर होता अर्धा टक्काही नाही, शेवटी ०.३८. बाकीचे कर काही गेले नाहीत, आणि तिथल्या सिनेटने २००७ च्या डिसेंबरात त्याला मुदतवाढ नाकारली. आपल्याकडेही बँकेतून मोठी रोकड काढण्यावर २००५ ते २००९ एक छोटा कर होता. तोही आला आणि गेला.

दुसरी वाट अमेरिकेतली. तिथे १९९९ पासून एक विधेयक काँग्रेसपुढे पुन्हा पुन्हा येते. आयकर बंद करा आणि देशभर एकच विक्रीकर लावा, गिऱ्हाइकाने मोजलेल्या १०० डॉलरमधले २३ सरकारला. कायदा अजून झालेला नाही. दर जबर आहे आणि तो श्रीमंतापेक्षा मध्यमवर्गाला जड जाईल, असा आक्षेप तिथलेच लोक घेतात. पण त्या विधेयकात दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, धंद्यासाठी घेतलेल्या मालावर कर नाही. शेतकऱ्याचे बियाणे, खत, यंत्र करमुक्त. दोन, गरजेपुरत्या खर्चावरचा कर प्रत्येक कुटुंबाला दरमहा आगाऊ परत.

तिसरी वाट आपल्या देशाने एकदा चालून पाहिली आहे. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस कॅल्डॉर १९५६ साली इथे आले. माणूस किती मिळवतो यापेक्षा तो स्वतःवर किती उधळतो यावर कर लावा, असे त्यांनी सुचवले. १९५८ पासून खर्चकर लागू झाला. १९६२ साली बंद, १९६४ साली पुन्हा सुरू, १९६६ साली कायमचा बंद. तो का फसला? कॅल्डॉर म्हणत होते, आयकराचा वरचा दर ४५ टक्क्यांवर आणा आणि मग हा लावा. सरकारने नवा कर घेतला, पण जुना तेवढा खाली आणला नाही. नवी सासू आली, जुनी मात्र घरातच राहिली.

तरी या तिसऱ्या वाटेत आपल्या कामाचे काही आहे. ज्या वर्षी पिकले त्या वर्षीचा पैसा विहिरीत, कर्जफेडीत, बैलजोडीत गेला तर त्यावर कर नाही. आणि बंगल्यावर, गाड्यांवर, लग्नाच्या मांडवावर कोटी उधळणाऱ्याला कोणी विचारणार नाही की तू शेतकरी की व्यापारी. सातबाऱ्यावरच्या पाहुण्यांचा आडोसा आपोआप जातो.

म्हणून या मेळाव्यातून आपण कोणत्या एका योजनेच्या मागे लागा असे सांगत नाही. सांगतो ते हे, की आयकराच्या जागी काहीही आणा, पण चार गोष्टींवर ते घासून घेऊ.

१. शेतीत घातलेल्या मालावरचा कर शेतकऱ्याच्या खात्यात परत आला पाहिजे. दुकानदाराला जी वजावट मिळते ती आपल्याला का नाही?

२. मीठमिरची, औषधपाणी, पोरांचे शिक्षण एवढ्या गरजेपुरत्या खर्चावर कराचा बोजा राहता कामा नये.

३. नवा कर ज्या दिवशी सुरू होईल त्याच दिवशी जुना बंद झाला पाहिजे. 'नंतर बघू' चालणार नाही.

४. निर्यातबंदी आणि ऐन हंगामातली आयात हाही करच आहे. पावतीवरचा कर सोपा करून पावतीबाहेरचा तसाच ठेवला तर ती सुधारणा नव्हे.

भावांनो, हे मागायचे तर हातात कागद पाहिजे. आपली अडचण अशी की आपण निम्मा माल उधारीवर घेतो आणि कच्च्या चिठ्ठीवर समाधान मानतो. या हंगामापासून एवढे करा. पक्के बिल मागा. उधारी असली तरी मागा. तो तुमचा हक्क आहे. खताचे, औषधाचे, पंपाचे, डिझेलचे प्रत्येक बिल एका पिशवीत घालून ती खुंटीला अडकवा. मायबहिणींनी घरातल्या किराण्याची बिले त्याच पिशवीत टाकावीत. वेचणी संपली की पोराला बसवा आणि कराच्या रकान्यांची बेरीज करा. किती क्विंटल कापूस झाला, किती ज्वारी झाली, तेही खाली लिहा.

पुढच्या मेळाव्याला येताना तो कागद बरोबर आणा. आपण गावागावाची बेरीज करू. 'शेतकरी कर भरत नाही' म्हणणाऱ्यापुढे त्यानंतर भाषण करावे लागणार नाही. तो कागद ठेवला की झाले.