मेरिदाच्या बाजारात एक प्रश्न

परक्या गावात पाऊल ठेवले की पहिला प्रश्न पोटाचा असतो. राजवाडे आणि प्रार्थनास्थळे नंतर. मेक्सिकोच्या युकातान राज्यातील मेरिदा शहरात माझी मुलगी नोकरीला आहे. तिच्याकडे मी तीन आठवडे राहून आले. तिथे कुठे खावे आणि काय खावे, हा प्रश्न मला रोज पडे. त्याचे उत्तर कसे सापडले, ते आज तुम्हांला सांगते.

मेरिदा हे जुने शहर. माया लोकांचे तिहो नावाचे नगर होते, त्या जागी स्पॅनिशांनी १५४२ साली ते वसवले. मुख्य चौकातले कॅथेड्रल माया इमारतींचे दगड काढून उभारले. ते १५९८ साली पुरे झाले. जुन्या भागातल्या रस्त्यांना आकडे आहेत. सम आकड्यांचे रस्ते दक्षिणोत्तर, विषम आकड्यांचे पूर्वपश्चिम. एवढे ध्यानात ठेवले की माझ्यासारखी बाईही चुकत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, म्हणून खाण्यासाठी बाहेर पडायचे ते सकाळी लवकर, नाही तर दिवस कलल्यावर. २०१९ साली युनेस्कोने या शहराला खाद्यसंस्कृतीचे शहर म्हणून आपल्या यादीत घेतले.

इथला सर्वांत नावाजलेला पदार्थ म्हणजे कोचिनिता पिबिल. ‘पिब’ म्हणजे जमिनीत खणलेली भट्टी. मांसाला लाल वाटण आणि आंबट संत्र्याचा रस चोळतात, केळीच्या पानांत गुंडाळतात आणि त्या भट्टीत तासन्‌तास शिजू देतात. रविवारी सकाळी निम्मे शहर हे मांस पावात घालून खात असते. मुलगी हे सांगत होती तेव्हा मला आमच्या रायगडातली पोपटी आठवली. वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, तोंड बंद केलेले मडके आणि भोवती जाळ.

पण कोचिनिता म्हणजे डुकराचे पिल्लू. ते मला वर्ज्य. हलाल मांसाचीही खात्री नव्हती, म्हणून मासे, अंडी आणि भाजी यांवर राहायचे मी ठरवले. तेही सोपे नव्हते. तिथे काळा घेवडा शिजवताना, पुष्कळदा तळतानाही, डुकराची चरबी वापरतात. तिला ‘मांतेका’ म्हणतात. मुलीने मला एक वाक्य पाठ करून दिले : ‘तिएने मांतेका?’ यात चरबी आहे का?

दुसऱ्याच दिवशी पाहुण्यांची वर्दळ असलेल्या एका उपाहारगृहात आम्ही हा प्रश्न विचारला. वाढप्याने हसून ‘नाही’ म्हटले. निम्मे ताट संपल्यावर शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मुलीला हळूच सांगितले, की इथला घेवडा मांतेकाशिवाय होत नाही. मी चमचा खाली ठेवला. नकळत घडलेली चूक अल्ला माफ करतो, हे मला ठाऊक आहे. तरी त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी मी मुलीला म्हटले, ‘आता घरीच डाळभात करत जाऊ.’ तिचा चेहरा उतरला. आईला आपले शहर दाखवायचे म्हणून तिने रजा काढली होती.

‘अम्मी, एकदाच बाजारात चल,’ ती म्हणाली. मी गेले, ती तिच्यासाठी.

सांता आनाच्या चौकात एक लहानसा बाजार आहे. साधी टेबले, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, सकाळपासून गर्दी. एका गाळ्यावर माझ्याच वयाची बाई होती. मुलीने स्वतःसाठी एक पदार्थ मागवला आणि मला काय चालेल ते बोलण्याआधीच बाईने दोन ताटल्या पुढे ठेवल्या. पानुचो : मक्याच्या पोळीच्या पोटात घेवड्याचे वाटण भरायचे, ती तळायची आणि वर मांस, कांदा घालायचा. मी माझे वाक्य म्हटले. बाईने माझ्या डोक्यावरच्या ओढणीकडे पाहिले, मग ताटलीकडे. ‘सी,’ ती म्हणाली. हो, आहे. आणि माझ्यासमोरची ताटली तिने स्वतः उचलून मागे नेली.

मग तिने पापाद्सूल केले. भाजलेल्या भोपळ्याच्या बियांच्या दाट वाटणात मक्याची पोळी बुडवायची, आत उकडलेले अंडे ठेवायचे, वर टोमॅटोचे कालवण. कालवण तेलात केले आहे, हे तिने तेलाची बाटली दाखवून सांगितले. चव आपल्या तिळाच्या चटणीच्या जवळची, पण सौम्य. पैसे देताना मी पानुचोचेही पुढे केले. तिने ते परत माझ्या हातात ठेवले.

त्यानंतर मी निर्धास्तपणे हिंडले. प्रोग्रेसोच्या समुद्रकिनारी जाऊन तिकिन शिक खाल्ले. तेच लाल वाटण, तेच केळीचे पान, पण आत मासा. पिबिलची चव मला अशी आडवाटेने मिळाली. लुकास दे गाल्वेस या मोठ्या बाजारात त्या वाटणाचे गोळे रचून ठेवलेले असतात. त्यातला लाल रंग आचिओतेचा, म्हणजे आपल्याकडे जिला शेंदरी म्हणतात तिच्या बियांचा. त्यात मिरी आणि लवंग आपल्या बाजूची. उलट, त्या देशातली मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्याला लागली आणि आपल्या तिखटाची मालकीण झाली.

तहान लागली की चिंचेचे सरबत घ्यावे. त्याला तिथे ‘तामारिंदो’ म्हणतात. मूळ अरबी शब्द ‘तमर हिंदी’, हिंदचा खजूर. फेरीवाले काचेच्या पेटीत ‘किबी’ विकतात. लेबनॉनहून आलेल्या कुटुंबांनी ती इथे रुजवली. आत मांस असते, म्हणून ती मी खाल्ली नाही. विकणाऱ्याच्या तोंडून नाव मात्र दोनदा ऐकून घेतले.

तर मेरिदात कुठे खावे? न्याहारीला सांता आना, मासळीला प्रोग्रेसो, मसाला आणायला मोठा बाजार. आणि जे चालत नसेल ते संकोच न करता विचारावे. मात्र प्रश्न अशा माणसाला विचारावा, जो उत्तर देण्याआधी तुमच्या ताटलीकडे पाहतो.

मुलगी आता दर शनिवारी त्या गाळ्यावर न्याहारी करते. ती बाई तिला विचारते म्हणे, ‘आई पुन्हा कधी येणार?’