जुन्या होडीवर फायबर चढवण्याआधी



खाडीपलीकडे ज्यांची खारजमीन आहे, त्यांची होडी म्हणजे दुसरी बैलगाडीच. भाताचे भारे, पेंढा, घरची माणसे, सारे तिच्यातूनच जाते. परवा कापणीच्या तोंडावर एक शेतकरी विचारायला आले, "साहेब, जुन्या होडीवर फायबर चढवू का? मग बघायला नको म्हणतात." मी काही सुतार नव्हे, पण होडीपाशी गेलो. तळाच्या फळीत चाकूचे टोक लोण्यात जावे तसे आत गेले.

फायबर म्हणजे काचेच्या तंतूंचे कापड आणि रेझिन. ते कुजत नाही. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारी कीड, जी दिसते अळीसारखी पण आहे शिंपल्याच्या जातीची, तीही त्याला खात नाही. पण ओल्या लाकडाला ते नीट धरत नाही. वर कोंडलेल्या ओलीने फळी आतल्या आत कुजते आणि होडी मात्र नवी दिसते! भर खाडीत, माणसे बसलेली असताना फळी सुटली तर?

तेव्हा आधी कुजक्या फळ्या बदला. जुने तेल-डांबर पार खरवडून काढा, त्यावर रेझिन चिकटत नाही. होडी छपराखाली उलटी घालून चांगली वाळवा. पावसाळ्यात हे काम काढूच नका. नंतरही फायबरला खोल ओरखडा गेला तर लगेच बुजवून घ्या, पाणी तिथूनच शिरते.

त्यांनी दोन फळ्या काढल्या. होडी गोठ्याच्या पडवीत वाळते आहे. यंदाचे भारे शेजाऱ्याच्या होडीतून.