एका डोंगराचे तीन फोटो

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी कविता लिहिणारा माणूस. फोटोग्राफीवर बोलायचं आमंत्रण आलं, तेव्हा आमच्या घरात सगळ्यात आधी हशा पिकला. बायको म्हणाली, "पुतणीच्या लग्नात नवऱ्या मुलाचं डोकं कापलंत, आणि आता रेडिओवर फोटोचे धडे देणार?" तिचं खरं आहे. मी या विषयातला जाणकार नाही, हौशी आहे. पण दहा-पंधरा वर्षं तीन मित्रांच्या संगतीत या हौसेमागे हिंडलो आणि त्यात एकदा चांगलाच तोंडघशी पडलो. ती गोष्ट सांगण्याजोगी वाटते, म्हणून आलो.

आमचा अहमदनगर जिल्हा, २०२४ पासून अहिल्यानगर, फोटोवाल्यांसाठी मोठा उदार आहे. पश्चिमेला अकोले तालुक्यात कळसूबाई, रतनगड, भंडारदऱ्याचं पाणी. दक्षिणेला आणि पूर्वेला उघडीबोडकी माळरानं. एकाच जिल्ह्यात धो धो पाऊसही आहे आणि पावसाची वाट पाहणंही आहे.

आमचं टोळकं चौघांचं. पहिले अण्णा. त्यांचा शहरात जुना स्टुडिओ होता. रोल धुण्यात आणि अंधाऱ्या खोलीत प्रिंट काढण्यात त्यांची उमेद गेली. दुसरे मास्तर, विज्ञान शिकवणारे. तिसरे बँकेतले साहेब. त्यांच्याकडे नवा कॅमेरा होता आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे गाडी होती. चौथा मी. मला ते 'शायर' म्हणत. माझं काम डबे सांभाळण्याचं आणि ट्रायपॉड वाहण्याचं.

सुरुवात झाली चांदबिबीच्या महालापासून. शहराच्या पूर्वेला, पाथर्डी रस्त्याला शहा डोंगरावर तीन मजली अष्टकोनी इमारत आहे. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. प्रत्यक्षात ती निजामशाहीतला वजीर सलाबतखान दुसरा याची कबर. चांदबिबीनं १५९५-९६ मध्ये मोगलांविरुद्ध लढवला तो खाली शहरातला भुईकोट किल्ला. पण लोकांनी डोंगरावरची ही इमारत तिला देऊन टाकली, आणि लोकांनी दिलेलं परत कोण घेणार?

तर या इमारतीच्या कमानीत उभं राहून संध्याकाळी बाहेर पाहिलं, की खाली सगळं नगर दिसतं, मागे सूर्य उतरत असतो, आणि कमानीचा काळा दगडही डोळ्यांना नीट दिसतो. साहेबांनी फोटो काढला. आकाश छान आलं, कमान मात्र डांबरासारखी काळी. दुसरा काढला. कमानीचा दगड न् दगड दिसला, पण आकाशाच्या जागी नुसता पांढरा कागद. साहेब कॅमेऱ्यावर चिडले. मास्तर म्हणाले, "कॅमेऱ्याचा दोष नाही. आपला डोळा लबाड आहे."

त्यांनी समजावलं ते असं. आपण एखादं दृश्य पाहतो, तेव्हा डोळा एका जागी थांबत नाही. उजेडाकडे वळला की बाहुली आकसते, सावलीकडे वळला की मोठी होते, आणि अशा अनेक नजरा मेंदू जोडून घेतो. आपल्याला वाटतं, आपण एकदाच पाहिलं. कॅमेरा मात्र खरोखरच एकदाच पाहतो. एका क्लिकमध्ये त्याला आकाश तरी सांभाळता येतं, नाहीतर सावली तरी.

यावरचा उपाय म्हणजे एचडीआर, पूर्ण नाव हाय डायनॅमिक रेंज. कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का बसवायचा आणि एकाच दृश्याचे तीन फोटो घ्यायचे: एक मधला, एक मुद्दाम काळसर, एक मुद्दाम उजळ. भिंगाचं तोंड तेवढंच ठेवायचं आणि फक्त शटरचा वेळ बदलायचा. समजा एका सेकंदाचा पाचशेवा भाग, मग सव्वाशेवा, मग तिसावा. पहिल्यापेक्षा तिसऱ्या फोटोत सुमारे सोळा पट उजेड जातो. काळसर फोटोत आकाश जिवंत राहतं, उजळ फोटोत सावलीतलं सगळं दिसतं. मग संगणक तिन्हींमधलं चांगलं ते घेऊन एक फोटो बनवतो.

अण्णा हे ऐकून गालातल्या गालात हसले. म्हणाले, "यात नवीन काय? अंधाऱ्या खोलीत प्रिंट काढताना मी चेहऱ्यावर हात धरून उजेड अडवायचो आणि आभाळाला जास्त वेळ द्यायचो. तुमचा संगणक करतो ते माझा पंजा करायचा." अण्णांचं म्हणणं खरंच आहे. १८५०च्या दशकात ग्युस्ताव्ह ल ग्रे नावाच्या फ्रेंच छायाचित्रकारानं समुद्राचे फोटो काढले. त्या काळच्या काचेच्या प्लेटा निळ्या रंगाला फार हळव्या. समुद्र नीट येईपर्यंत आकाश जळून पांढरं व्हायचं. म्हणून काही फोटोंत त्यानं समुद्राची एक निगेटिव्ह आणि आकाशाची दुसरी निगेटिव्ह वापरून दोन्ही एका कागदावर उतरवल्या. पुढे १९९७ मध्ये पॉल डिबेव्हेक आणि जितेंद्र मलिक या दोघांनी, वेगवेगळ्या उजेडाच्या फोटोंमधून दृश्यातला खरा प्रकाश गणितानं कसा काढायचा, ते अमेरिकेत मांडलं. यातले मलिक कानपूरच्या आयआयटीत शिकलेले. मास्तर ही गोष्ट इतक्या अभिमानानं सांगत, जणू मलिक त्यांच्याच वर्गातून गेले होते.

त्या संध्याकाळी तिथेच पहिला प्रयोग केला. सूर्य बुडाला, खालून मगरिबची अजान ऐकू आली. नेमकी तीच फोटोची वेळ. मी घुटमळलो, तर अण्णा म्हणाले, "शायर, तुम्ही निवांत नमाज पढून या. आभाळ मी धरून ठेवतो." परत आलो तेव्हा तिन्ही फोटो घेऊन झाले होते. रात्री साहेबांच्या घरी संगणकावर ते जोडले, आणि पडद्यावर कमानही आली, शहरही आलं, आभाळही आलं. चार प्रौढ माणसं पोरांसारखी ओरडली.

मग आम्हाला नादच लागला. साम्रदजवळच्या सांदण दरीत गेलो. दोन्ही बाजूंना उंच कातळभिंती, मधे चिंचोळी वाट आणि वर आभाळाची लखलखीत पट्टी. एचडीआरसाठी याहून चांगली जागा कुठली? पारनेर तालुक्यातल्या निघोजला कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. काळ्या खडकात पाण्यानं आणि गोट्यांनी कोरलेले. खडक काळाकुट्ट आणि पाण्यावर उन्हाची तिरीप, तिथेही तीन-तीन फोटो घेतले.

फजित्याही पुष्कळ झाल्या. तीन फोटोंच्या मधल्या वेळात जे हलतं, ते जोडलेल्या फोटोत दोनदा-तीनदा उमटतं. फोटोवाले त्याला भूतच म्हणतात. निघोजला एक बकरी फोटोत शिरली. घरी येऊन पाहतो तर बकरी एक आणि डोकी तीन. एकदा वाऱ्यानं अख्खं झाड धुरकट झालं. कधी डोंगराच्या कडेला पांढरट वलय यायचं, अण्णा म्हणायचे, "तुमच्या डोंगराला देवपण आलं वाटतं!" चुकत-चुकत शिकलो. वारा थांबेपर्यंत थांबायचं, ट्रायपॉडला पिशवी टांगून वजन द्यायचं, बटण दाबताना धक्का नको म्हणून टायमर लावायचा.

आता खरी गोष्ट. २०१३चा उन्हाळा. आदल्या वर्षी पावसानं दगा दिलेला. जिल्ह्यात जनावरांच्या छावण्या लागल्या होत्या, गावोगाव टँकर फिरत होते. आम्ही पाथर्डीकडे निघालो होतो. करंजी घाटाच्या पुढे रस्त्याकडेला एका शेतापाशी थांबलो. मागे डोंगराची ओळ, वर ढगांचे पुंजके, मधे नांगरून पडलेलं रान आणि कोपऱ्यात एक लिंबाचं झाड. झाडाखाली एक म्हातारे शेतकरी बसले होते. त्यांना विचारून तीन फोटो घेतले. त्यांनी तांब्याभर पाणी पुढे केलं. त्या दिवसांत त्या पाण्याची किंमत काय होती, हे आम्हाला तेव्हा कळायला हवं होतं.

इथे एक बारकावा सांगतो. तीन फोटो जोडल्यावर त्यात उजेडाच्या इतक्या पायऱ्या जमतात, की कागदावर किंवा पडद्यावर त्या सगळ्या मावत नाहीत. त्या दाबून बसवाव्या लागतात. त्याला टोन मॅपिंग म्हणतात. कुठे किती दाबायचं, कोणता रंग किती चढवायचा, हे संगणकावर बसलेला माणूस ठरवतो.

त्या रात्री संगणकावर मी बसलो होतो. ढग गडद केले, मातीला सोन्याचा रंग चढवला, बांधावरचं चुकार हिरवं गवतही चांगलं टवटवीत केलं. लिंबाखाली निळे प्लॅस्टिकचे ड्रम होते, ते डोळ्यांना खुपत होते. कवितेतली नकोशी ओळ काढावी तसा मी तो कोपराच कापून टाकला. फोटो झकास झाला. सगळ्यांनी पाठ थोपटली. १२ बाय १८ इंची प्रिंट काढली आणि पुढच्या रविवारी त्या बाबांना भेट द्यायला आम्ही ऐटीत गेलो.

बाबांनी प्रिंट दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, "फोटो लय भारी आलाय, भाऊ. पण हे रान आमचं न्हाई."

मी म्हटलं, "बाबा, तुमचंच आहे. हा डोंगर बघा ना."

"डोंगर आमचा हाये. रान न्हाई. आमच्या रानात एवढं सोनं असतं, तर बैलं छावणीवर कशाला न्यायची पाळी आली असती? एखाद्या सायबानं हा फोटो बघितला तर म्हणंल, इथं कुठं दुष्काळ?" आणि प्रिंट त्यांनी अगदी जपून, सुरकुती न पडू देता, परत माझ्या हातात दिली.

येताना गाडीत कोणी बोलेना. शेवटी मास्तर म्हणाले, "तसं पाहिलं तर आपण खोटं काही केलेलं नाही. बाहेरचं काहीच आणून चिकटवलं नाही." अण्णा म्हणाले, "चिकटवलं नाही, पण काढून घेतलं. आणि जे होतं त्याला इतकं नटवलं, की ते राहिलंच नाही." मी गप्प होतो. कापणारा मीच होतो.

घरी येऊन ते तीन मूळ फोटो पुन्हा उघडले. उजळ फोटोत लिंबाखालची सावली पहिल्यांदा नीट पाहिली. तिथे निळ्या ड्रमांच्या आडोशाला दोन बैल बसलेले होते. त्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या. मधल्या फोटोत तिथे नुसता काळा डाग होता. म्हणजे ज्यासाठी हे तंत्र आहे, सावलीतलं दाखवण्यासाठी, नेमकं तेच मी कात्रीनं उडवलं होतं.

अण्णांना शेजारी बसवून फोटो नव्यानं केला. मातीचा रंग जसा होता तसा, भाजलेल्या विटेसारखा. ढग पोकळ, पांढरे. लिंबाखालची सावली उघडी केली, ड्रम ठेवले, बैल ठेवले. सुंदर वगैरे काही दिसत नव्हता. आठवड्यानं तो घेऊन पुन्हा गेलो. बाबांनी पाहिला, बैलांवर बोट ठेवलं, त्यांची नावं घेतली. म्हणाले, "आता छावणीवर हायेत दोघं. हां, हे रान आमचं." आणि घरातून नातवाला हाक मारून खिळा आणायला सांगितला.

तेव्हापासून आमच्या टोळक्याचा एक रिवाज आहे. फोटो तयार झाला की ज्या गावचा असेल त्या गावातल्या कुणाला तरी दाखवायचा. त्यानं "हे आमचंच" म्हटलं तर ठेवायचा. सांदण दरीच्या फोटोला साम्रदच्या वाटाड्यानं नापास केलं, कारण कातळ आम्ही जांभळा केला होता. निघोजचा पास झाला, बकरी वगळता. रंग चढवू नयेत असं माझं म्हणणं नाही. मी कवी आहे, रंगावाचून माझं चालणार कसं? पण रंग चढवताना काय झाकलं जातंय, तिकडे एकदा पाहावं.

आता तर हे सगळं सोपं झालं आहे. २०१० मध्ये आयफोनमध्ये एचडीआरची सोय आली आणि आज बहुतेक स्मार्टफोन आपल्याला न विचारता अनेक फोटो जोडून एक फोटो हातात ठेवतात. आकाश किती निळं, सावली किती उजळ, हे फोनच ठरवून टाकतो. म्हणून आपल्यालाच जरा जास्त विचारायची सवय लावून घ्यावी लागेल.

तुमच्यापैकी कुणाला हा नाद लावून घ्यायचा असेल, तर फार खर्च नको. ट्रायपॉड हवा, तीन फोटो एकापाठोपाठ घेणारा साधा कॅमेरा हवा आणि पहाटे उठवणारे मित्र हवेत. एवढं मात्र करा. फोटो जोडायच्या आधी त्यातला सगळ्यात उजळ, आभाळ जळून गेलेला, टाकून द्यावासा वाटणारा फोटो एकदा मोठा करून पाहा. सावलीत कोण बसलंय, ते त्यातच दिसतं.