करवतीचे दात



आज मी तुम्हांला करवतीविषयी चार गोष्टी सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, मास्तरांना करवतीतले काय कळते? खरे आहे. माझ्या हातात जन्मभर खडू होता. पण माझ्या शाळेत शिकलेला एक मुलगा पुढे सुतार झाला. मागच्या पावसाळ्यात त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली. त्याने भलत्या यंत्राला भलतेच पाते लावले होते. त्याच्याकडून आणि गावच्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडून मी जे शिकलो, ते सांगतो.

लाकडात धागे असतात. झाड ज्या दिशेने वाढते, त्या दिशेने ते उभे जातात. कडब्याची पेंढी डोळ्यांपुढे आणा. पेंढीतली ताटे वेगळी करायला जोर लागत नाही. पण पेंढी आडवी कापायची, तर धारेचा विळा हवा. लाकडाचेही तसेच आहे.

म्हणून फळी लांबीत चिरायची असेल, तर मोठ्या दातांची करवत घ्यावी. एका इंचात ४ ते ६ दात पुरेत. तिचा प्रत्येक दात लहानशा पटाशीसारखा असतो. दोन दातांमध्ये जागा मोठी असते. तिच्यात भुसा मावतो. इथे बारीक दातांची करवत चालवली, तर भुसा अडकतो, पाते तापते आणि हात भरून येतात.

फळी आडवी कापायची असेल, तर बारीक दात हवेत. एका इंचात ८ ते १०. हे दात कानशीने तिरपे घासलेले असतात. चाकूच्या टोकासारखे ते धागे तोडत जातात. इथे मोठे दात लावले, तर कड फाटते आणि कुसळे निघतात. चौकटीचा सांधा करायला आणखी बारीक दात लागतात, इंचाला १२ ते १४. त्या करवतीच्या पाठीवर जाड पट्टी असते. पट्टीमुळे पाते वाकत नाही.

आता करवत डोळ्यांसमोर आडवी धरून पाहा. एक दात किंचित डावीकडे, दुसरा किंचित उजवीकडे वळवलेला दिसेल. त्यामुळे चीर पात्याहून रुंद पडते आणि करवत अडकत नाही. ओल्या लाकडाला दात जरा जास्त वळवावे लागतात.

हे झाले हातकरवतीचे. हल्ली विजेवर फिरणारी गोल पाती आली आहेत. तिथेही नियम तोच. ७ इंची पाते असेल, तर उभे चिरायला २४ दातांचे घ्यावे. प्लायवूड स्वच्छ कापायला ४० किंवा ६० दातांचे घ्यावे.

पण गोल पात्याचा आणखी एक आकडा असतो. त्यापुढे आर.पी.एम. अशी इंग्रजी अक्षरे असतात. पाते एका मिनिटात जास्तीत जास्त किती फेरे सोसू शकेल, ते तो आकडा सांगतो. यंत्रावरही त्याच्या फेऱ्यांचा आकडा असतो. पात्याचा आकडा यंत्राच्या आकड्याहून कधीही कमी नसावा. समजा, पात्यावर ८००० आहे आणि यंत्रावर ११०००. मग ते पाते त्या यंत्राला लावू नये. ते फुटू शकते.

आमच्या त्या मुलाने लाकूड कापायचे दातेरी पाते ग्राइंडरला बसवले. ग्राइंडर हे घासायचे यंत्र. त्याचे फेरे फार जलद. पाते बसेना, म्हणून त्याने वरचे झाकणही काढले. पाते लाकडात अडकले, यंत्राने हिसका दिला आणि क्षणात होत्याचे नव्हते झाले. म्हणून सांगतो, आकडा जुळला तरी ग्राइंडरला लाकडाचे दातेरी पाते लावू नका.

पाते बदलताना आधी प्लग काढा. जुन्या लाकडातले खिळे आधी उपसा. दात तुटलेले पाते वापरू नका. सैल बाही किंवा उपरणे यंत्राजवळ नेऊ नका.

तो मुलगा मला म्हणाला, "गुरुजी, आकडा पात्यावर होता. मला वाचताही येत होते. पण मी वाचला नाही."

मंडळी, तुम्ही आता वाचायला शिकलात. पोथी वाचा, पत्र वाचा. तसाच हत्यारावरचा आकडाही वाचा. आधी वाचा, मगच बटण दाबा.