हातीं घेतलेलें तडीस नेणें



या ज्युबिलीप्रसंगीं आम्ही एक कबुली देतों. उल्हासनगरापासून बदलापुरापर्यंत पसरलेल्या आपल्या कुटुंबांचा वृत्तांत लिहिण्यास आम्हीं दोनदां आरंभ केला, आणि कामाचा विस्तार पाहून दोनदां वही मिटली.

मोठीं कामें तडीस कशीं जातात? अंबरनाथच्या शिवालयांतील लेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. शिलाहार राजा छित्तराजाच्या काळीं आरंभिलेलें तें काम त्याचा बंधु मुम्मुणि याच्या कारकीर्दींत पुरें झालें, असें अभ्यासक मानितात. येशूसंघी फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले. परकी भाषा शिकून त्यांनीं रचिलेलें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं राचोल येथें छापलें गेलें. त्यांतील दहा हजारांहून अधिक ओव्या एकेक करूनच लिहिल्या गेल्या.

म्हणून उत्साहाची वाट पाहूं नये. तो कामाच्या मागून येतो. रोज एक चिरा बसवावा. शेवट आपल्या हातून न झाला, तरी पुढील हातास पाया सांपडेल.

ती वही आम्हीं पुनः उघडली आहे. जुन्या आठवणी असलेल्या वडीलधाऱ्यांनीं रविवारीं मिस्सानंतर थोडें थांबावें, एवढीच विनंती. प्रभु आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.